राईत चालेल असा सेट

माझा आवाज मोठा आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही. बावीस वर्षं मी शाळेच्या मैदानावर कवायत घेतली आणि शिट्टी हरवली म्हणून माझं कधी अडलं नाही. भूगावला आमच्या सोसायटीत मी तिसऱ्या मजल्यावरून भाजीवाल्याला थांबवलं की शेजारच्या दोन बिल्डिंगमधल्या बायका पिशव्या घेऊन खाली येतात. भाजीवाला ते जाणून असतो आणि कोथिंबिरीच्या जुडीचे पैसे माझ्याकडून घेत नाही. ह्या आवाजाची मला कधी लाज वाटली नाही. उलट शाळा सोडून मुळशीत लोकांना फिरवायचं काम मी सुरू केलं ते ह्याच आवाजाच्या भरवशावर.

आमची फेरी महिन्यातून दोन रविवारी असते. वीस-पंचवीस माणसं येतात, बरीचशी हिंजवडीच्या कंपन्यांतली, काही पुण्यातली. मिनीबस रस्ता संपेपर्यंत नेते. तिथून खाचरांच्या बांधावरून चालत वर धनगरांच्या वस्तीपर्यंत, मग राईत, आणि राईतून खाली उतरलं की वस्तीतल्या बायकांनी रांधलेलं जेवण. लोक जेवणाचे फोटो काढतात, धरणाच्या पाण्याचे काढतात, पण येतात ते राईसाठी. देवीची राई आहे, आत चपला घालत नाहीत, मोठ्यानं बोलत नाहीत, कुऱ्हाड नेत नाहीत. राईच्या तोंडाशी उभी राहून मी दर वेळी एक वाक्य म्हणायचे आणि ते माझं फार आवडतं होतं: इथली वाळकी काडीसुद्धा कित्येक पिढ्यांत कुणी उचललेली नाही. हे वाक्य टाकलं की मागची कुजबुज बंद व्हायची. मी ते आमच्या पत्रकावरही छापून घेतलं होतं.

राईतलं ज्ञान मात्र माझं नव्हतं. ते वस्तीतल्या मावशीचं. मावशी सत्तरीच्या आसपासची, शेरडं राखणारी, लग्न होऊन आली तेव्हापासून त्या राईच्या कडेनं फिरणारी. कुठलं झाड कधी फुलतं, कुठल्या पाल्यानं शेरडाचं पोट फुगतं, कुठल्या ढोलीत घुबड असतं, सगळं तिला ठाऊक. फक्त तिचा आवाज अगदी बारीक. त्यात राईत शिरली की ती पदराचा काठ मुठीत धरून तोंडाशी नेते, देवीसमोर उघड्या तोंडानं बोलायचं नाही म्हणून, आणि मग जे काही बाहेर येतं ते शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही धड कळत नाही. म्हणून आमची पद्धत ठरलेली. मावशी पुढे, तिच्याशेजारी मी. ती झाडाशी थांबून बोलायची, मी वळून ते मागच्यांना सांगायची. चार वर्षं हे असं चाललं होतं आणि मला वाटायचं, काय छान जोडी जमली आहे आमची.

अडचण होती वाटेची. राईतली वाट एका माणसाची. पंचवीस माणसं एकामागे एक उभी राहिली की रांग साठ-सत्तर पावलं लांब होते, मध्ये झाडं, वळणं. माझ्यासारखीचा आवाजही शेवटच्या माणसापर्यंत अर्धा पोचायचा, आणि ज्यांना ऐकू येत नाही ते फ्लॅटच्या भावांवर बोलायला लागायचे. मग मी कमरेला बांधायचा एक भोंगा आणला. गालापाशी माइक, पोटावर कर्णा. शाळेत आमच्या काही शिक्षिका वापरायच्या तसलाच. माझा आवाज आणि वर तो भोंगा. पहिल्याच फेरीत राईतली वटवाघळं भर दुपारी उठली. मी ती लोकांना दाखवली आणि मोठ्या उत्साहानं त्यांची माहितीही दिली.

तो आवाज खाली गावात, देवळापर्यंत ऐकू गेला होता. पुढच्याच आठवड्यात पंचांचा निरोप आला. पंच म्हणजे गावातल्या जुन्या शेतकरी घरातले एक गृहस्थ, साठीच्या अलीकडचे. रस्त्याकडच्या जमिनीवर खोल्या बांधून भाड्यानं दिल्या आहेत, भात अजून स्वतः लावतात. राईची राखण त्यांच्या घराकडे, आजोबांपासून. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. देवळाच्या ओट्यावर त्यांनी मला बसवलं, चहा दिला, आणि शांतपणे बोलले.

"देवीच्या दारात आमी खोकताना बी तोंडावर हात धरतो, बाई. तुमी कर्णा लावला."

मी माफी मागितली, भोंगा पुन्हा आणणार नाही म्हणाले. त्यांना तेवढं पुरेसं नव्हतं. भोंग्याआधीही लोकांच्या तक्रारी होत्या, त्या त्यांनी एकेक सांगितल्या, आणि सगळ्या तक्रारी माझ्या आवाजाच्याच होत्या. त्यांचं म्हणणं, राईची वाट बाहेरच्यांना बंद करावी. मी बरंच बोलले. शेवटी ते म्हणाले, दिवाळीनंतरची पहिली फेरी करा, मी स्वतः बरोबर येईन. राईत आवाज चढला की वाट बंद, मग परत विचारायला यायचं नाही.

घरी येताना मी रडले, हे सांगून टाकते. राई गेली तर फेरी गेली. नुसतं पाणी बघायला माझ्याबरोबर कोण येणार, पाणी रस्त्यावरूनही दिसतं. शाळेची नोकरी मी ह्यासाठी सोडली होती. वस्तीतल्या सहा घरांतल्या बायका त्या दोन रविवारांवर विसंबून होत्या. आणि खरं कारण ह्याहून साधं होतं. माझं त्या राईवर प्रेम होतं, आणि मला तिथून हाकलत होते.

रडून झाल्यावर मी कामाला लागले. मला रडणं जमतं पण ते फार वेळ टिकत नाही.

पुण्यात एका पेठेत, जिना चढून गेल्यावर, एक दुकान आहे. पिरंगुटच्या कारखान्यांत पाहुणे आले की त्यांना मशीन दाखवताना कानात घालायला जे वायरलेस सेट देतात, ते हा दुकानदार भाड्यानं पुरवतो आणि विकतोही. बोलणाऱ्याकडे माइक आणि ट्रान्समीटर, ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या कानात रिसीव्हर. हळू बोललं तरी शेवटच्या माणसाला नीट ऐकू येतं. दुकानदारानं विचारलं, कारखाना कुठला. मी म्हणाले, जंगल. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि आवाज किती असतो तिथे, असा पुढचा प्रश्न विचारला. मी म्हणाले, माझाच. भला माणूस होता, हसला नाही. त्यानं तीन जातींचे सेट माझ्यासमोर मांडले आणि आठवडाभर वापरून बघा म्हणाला.

पहिला सेट कारखान्याचा: दोन्ही कान झाकणारे जाड हेडफोन, बाहेरचं काही ऐकूच येऊ नये असे. दुसरा दिसायला सगळ्यांत देखणा, मोबाइलच्या ब्लूटूथवर चालणारा, कानातले मणी पांढरे, डबी चकचकीत. तिसरा जुनाट दिसणारा. एका कानावर अडकवायचा काळा आकडा, त्याला छोटी टिकली, आणि ट्रान्समीटर म्हणजे मुठीत मावेल एवढी वडी, तिच्या टोकालाच माइक. त्यात साधे पेन्सिल सेल घालायचे. हा सेट दुकानदारानं सगळ्यांत शेवटी आणि जरा अनिच्छेनं काढला. हा आता कोणी घेत नाही म्हणाला.

मी ठरवलं, रीतसर परीक्षा घ्यायची. आमच्या फेरीला नेहमी येणारी एक इंजिनिअर बाई हिंजवडीजवळच्या जांबे गावात भाड्यानं राहते, नागपूरकडची. ती आणि तिच्या चार मैत्रिणी मदतीला आल्या. जागा ठरली कासारसाईच्या धरणाची भिंत, कारण ती सरळ आहे आणि पावलं मोजता येतात. वीस, चाळीस आणि साठ पावलांवर मी एकेकीला आणि ऐंशीवर दोघींना उभं केलं, कानात सेट घातले आणि दुसऱ्या टोकाहून माइकमध्ये विचारलं, "ऐकू येतंय का?"

पाचही जणींनी अंगठे वर केले. दुसरा सेट, पुन्हा अंगठे. तिसरा सेट, पुन्हा. मी पाठ फिरवून बोलले, खाली बसून बोलले, तरी सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं. मी प्रत्येक सेटला पैकीच्या पैकी गुण दिले आणि आता फक्त दिसण्यावरून निवडायचं, म्हणजे पांढरा, असं मनाशी ठरवून टाकलं. तेवढ्यात ऐंशी पावलांवरची इंजिनिअर बाई शेजारच्या मैत्रिणीला घेऊन चालत माझ्याकडे आली. चेहरा अगदी सभ्य ठेवला होता तिनं.

"मॅम, माझा रिसीव्हर मघापासून ऑफ आहे. आणि हिच्या कानात तर काहीच नाही, तिनं चुकून खिशात ठेवलाय."

भिंतीच्या पलीकडे गळ टाकून बसलेला एक माणूस होता, शंभर पावलांवर. त्यानंही अंगठा वर केला.

सेट पारखायला निघाले होते आणि पारखत होते माझा घसा. माझ्या आवाजावर जगातला कुठलाही सेट उत्तीर्ण होणार होता, बंद असला तरी. त्या पाचजणी हसून हसून भिंतीवर बसल्या आणि मीही बसले. पण हसता हसता माझ्या लक्षात आलं की ह्या परीक्षेला आवाज हवा तो बारीक, जितका बारीक तितका चांगला. आणि तसा आवाज मला माहीत होता.

दोन दिवसांनी मी तिन्ही सेट घेऊन मावशीच्या दारात. तिला म्हणाले, तू फक्त ह्यात बोल, मी लांब जाऊन ऐकते. तिनं विचारलं, काय बोलू. मी म्हणाले, काहीही. मला तिच्या बोलण्याशी कर्तव्य नव्हतं, पावलांशी होतं; हे आज लिहिताना टोचतं, पण तसंच होतं.

कारखान्याचा सेट पहिल्या दहा मिनिटांत बाद झाला. आवाजात खोट नव्हती; तिचा शब्दन् शब्द कळत होता. झालं असं की वस्तीतल्या दोन बायकांनी गंमत म्हणून हेडफोन घातले आणि कान बंद झाल्याबरोबर त्या एकमेकींशी मोठमोठ्यानं बोलायला लागल्या. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस तो वाढवतो. राईत पंचवीस माणसं अशी बोलायला लागली असती तर दादांनी मला तिथेच हात जोडले असते. पांढरा सेट अंगणात झकास चालला. मग मी झाडीत शिरले आणि दुसऱ्या झाडाआड गेल्याबरोबर मावशी तुटक ऐकू यायला लागली, मध्ये एक म्हैस आली तेव्हा ती पूर्णच गेली. आमच्या फेरीला येणारी काही मंडळी अंगानं त्या म्हशीच्या जवळपास असतात. शिवाय वस्तीत लाइट सकाळी असते तर संध्याकाळी नसते, आणि त्या चकचकीत डबीला रोज चार्जिंग हवं.

तिसऱ्याचा आवाज मात्र झाडांतूनही नीट येत होता. एक कान मोकळा, त्यामुळे पाखरं ऐकू येत होती आणि मागून कुणी सावध केलं असतं तर तेही कळलं असतं. सेल संपले तर गावातल्या किराणा दुकानात मिळतात. उरला फक्त माइकचा प्रश्न. इतर दोन सेटांचे माइक मावशीला लावताना माझी दमछाक झाली होती. कॉलरचा चिमटा लावायला तिला कॉलर नाही. पदराला लावला तर पदर हलला की कानात खरखर. डोक्यावरून येणारा माइक डोक्यावरच्या पदरावर बसेना, आणि देवीचं नाव काढल्याबरोबर तिचा हात सवयीनं पदर घेऊन तोंडावर गेला की माइक पदराच्या बाहेर. तिसऱ्याची ती वडी मी तिच्या मुठीत दिली. तिनं ती पदराच्या काठासकट धरली आणि नेहमीसारखी मूठ तोंडाशी नेली. बस. ऐंशी पावलांवर माझ्या कानात ती इतकी जवळून बोलली की मी वळून पाहिलं. वारं सुटलं होतं तरी वाऱ्याचा आवाज नाही, कारण मध्ये पदर होता. दुकानदार ह्यासाठी स्पंजची टोपी वेगळी विकतो.

मी तो सेट घेतला. दुकानदाराला कारणं सांगितली तेव्हा त्यानं ती कागदावर लिहून घेतली, त्यामुळे मला फारच बरं वाटलं.

आता तुम्हाला वाटेल की माइक मावशीला देणार म्हणून तो तिच्या मापानं घेतला. मुळीच नाही. माइक माझाच. मावशी नेहमीसारखी माझ्या कानाशी सांगणार, मी वडीत हळू बोलणार, असं माझं नियोजन होतं. हळू बोलायचा सराव मी घरी पंधरा दिवस केला. यजमानांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, बरं नाही का. तिसऱ्या दिवशी त्यांनी थर्मामीटर आणला. पण मला जमायला लागलं होतं, आणि फेरीच्या सकाळी मी पूर्ण निर्धास्त होते.

दादा वेळेआधी आले होते. पांढरी टोपी, स्वच्छ सदरा, हातात काठी. मी त्यांच्या कानावर आकडा अडकवला, टिकली नीट बसवली. राईच्या तोंडाशी सगळ्यांनी चपला काढल्या. चोवीस माणसं आणि दादा पंचविसावे, सगळ्यांच्या एका कानात मी. मी माझं आवडतं वाक्य हळू म्हणाले, वाळक्या काडीचं, आणि ते नेहमीइतकंच परिणामकारक झालं. दादांनीही मान हलवली. पहिलं झाड, दुसरं झाड, सगळं सुरळीत. मला वाटलं, जिंकले.

मग गारंबीचा वेल आला. मांडीएवढा जाड, एका झाडावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर गेलेला. ह्या वेलाशी माझं काहीतरी आहे. मावशीनं कानाशी दोन शब्द सांगितले आणि मी सुरू झाले. त्याची हातभर लांब शेंग, तिच्यातल्या मोठ्या बिया, वेलाचं वय. मी रंगले. रंगले की काय होतं हे माझ्या घरच्यांना माहीत आहे. माझ्या कानात रिसीव्हर नव्हता, त्यामुळे मी किती चढले ते मला कळलं नाही. रांगेतल्या पहिल्या दोन माणसांनी कानावरून आकडे काढले तेव्हा कळलं. वर फांदीतून काहीतरी जड पंख फडफडवत उडून गेलं. दादांनी काठी उचलून आडवी धरली.

"यंत्र आणलं, बाई, पन वरडणं तसंच हाय."

मी वडी तोंडापासून खाली घेतली. चोवीस माणसं माझ्याकडे बघत होती. पंधरा दिवसांचा सराव, तीन सेट, ऐंशी पावलं, सगळं दहा मिनिटांत संपलं होतं, आणि दोष कुठल्याच सेटचा नव्हता.

तेव्हा मावशीनं हात पुढे केला.

"आन हिकडं," ती म्हणाली.

मी वडी तिच्या हातात दिली. तिनं ती पदरात धरली, मूठ तोंडाशी नेली आणि चालायला लागली. दादांनी काठी खाली केली. तिला अडवायचं त्यांच्या मनात आलं नसावं. वाट अरुंद, त्यामुळे एकेक माणूस पुढे सोडत मी आपोआप शेवटी गेले. एक जादाचा रिसीव्हर माझ्या पिशवीत होता. तो मी कानावर अडकवला आणि राईत नुसती ऐकणारी झाले, चार वर्षांत पहिल्यांदा.

मावशी बोलत होती. मी ज्या झाडापाशी शास्त्रीय नाव सांगायचे तिथे ती सांगत होती की ह्याचा पाला शेरडू कोवळा असताना खातं आणि जून झाला की तोंड फिरवतं, आणि त्यावरून तिला महिना कळतो. भेरली माडापाशी ती म्हणाली, हा एकदाच फुलतो आणि मग मरतो, म्हणून ह्याला फुलं आली की आम्हाला वाईट वाटतं. हे मी कधीच सांगितलं नव्हतं. मला वाटलं, ही आज नवीन काहीतरी सांगते आहे. रांगेत कुणी फ्लॅटबद्दल बोलत नव्हतं. पायाखालचा पाला ऐकू येत होता.

देवीच्या ठाण्याच्या अलीकडे ऐनाचं एक जुनं झाड आहे. इथे थांबून मी ते काडीचं वाक्य पुन्हा म्हणायचे. मावशी थांबली, आणि माझ्या कानात, अगदी जवळून, तिचा आवाज आला.

"हितली काडी कुनी उचलत न्हाई म्हनत्यात. मी उचललीया. एकदा न्हाई, सबंद पावसाळा. त्या साली दिवाळीपतूर पाऊस हटला न्हवता. घरातली लाकडं वल्ली, बाहेरची वल्ली. तीन लेकरं व्हती, गारठून निजायची. हितं ऐनाखाली तेवढं सुकं मिळायचं. देवीला सांगून न्ह्यायचे. म्हनायचे, आई, चूल पेटत न्हाई, नेतीया. ती काय बोलली न्हाई."

मला धडकी भरली. दादा माझ्यापुढे चार माणसांवर होते. राखणीचं घर, आणि त्यांच्या कानात हे. मावशी थांबली नाही.

"एक दिस ह्या दादांच्या वडलांनी बगितलं. मोळी माझ्या डोक्यावर. मी हुबी ऱ्हायले, आता काय ते व्हईल म्हनून. त्यांनी मान फिरवली आन् बांधानं निघून गेले. दुसऱ्या दिशी मी आले तर वाळकी लाकडं हितंच वाटंला रचल्याली. पाऊस हटंपतूर रोज रचल्याली असायची. ते व्हते तवर मी त्यांचं नाव घेतलं न्हाई. आता घेतीया."

रांग पुढे सरकली, दादा सरकले नाहीत. मागची माणसं त्यांना ओलांडून गेली आणि मग वाटेवर ते आणि मी, दोघंच राहिलो. त्यांनी एका हातानं कानातली टिकली घट्ट दाबून धरली होती. मावशी पुढे ठाण्याबद्दल बोलत होती, ते ऐकत होते की नाही कोण जाणे. बऱ्याच वेळानं त्यांनी ऐनाच्या बुंध्याला हात लावला आणि चालायला लागले. मी त्यांच्या मागून, काही न बोलता. बोलले असते तर चुकलं असतं, एवढं मलाही कळत होतं.

राईबाहेर आल्यावर चपला घालताना मी मावशीला गाठलं. मला राग आला होता, आणि तो लपवायला मी काही नटी नाही. चार वर्षं मी लोकांसमोर छातीठोकपणे ते वाक्य म्हणते आहे, पत्रकावर छापलं आहे, आणि तू एका शब्दानं मला बोलली नाहीस, असं मी तिला म्हणाले. हे सगळं मी राईबाहेर असल्यामुळे माझ्या मूळ आवाजात म्हणाले.

मावशीनं वडी पदरानं पुसून माझ्या हातात ठेवली.

"सांगितलं की, बाय. त्या ऐनापाशी दर खेपंला सांगतीया. तू दोन शब्द घेतीस आन् वरडाया लागतीस. फुडचं ऐकाया तू हुबी ऱ्हातीस कवा?"

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पाऊस पडला, ऊन पडलं असं सांगावं तसं तिनं सांगितलं. मी आठवून बघितलं. काडी कुणी उचलत नाही म्हणत्यात, इथपर्यंत तिचं वाक्य मी दर वेळी ऐकलं होतं, आणि दर वेळी तिथेच मी वळले होते. माझं ते आवडतं वाक्य म्हणजे तिच्या वाक्याचा पहिला तुकडा होता. उरलेलं ती चार वर्षं माझ्या पाठीला सांगत होती.

खाली वस्तीत दादा एका घराच्या ओट्यावर बसले होते. त्यांनी कानातला आकडा काढून माझ्याकडे दिला नाही, हातातच फिरवत राहिले. मी समोर उभी राहिले, शाळेत उशिरा आलेल्या मुली माझ्यासमोर उभ्या राहायच्या तशी. ते म्हणाले, त्यांचे वडील फार कडक होते, घरात कुणाशी दोन शब्द गोड बोलल्याचं त्यांना आठवत नाही. मग निकाल दिला.

"वाट चालू ऱ्हाऊ द्या. राईत मावशी बोलतील. तुमी मागं चालायचं आन् तोंड उगडायचं न्हाई."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते. वाट वाचली होती, आणि ती माझ्यामुळे वाचली नव्हती. जेवताना सगळे मावशीभोवती बसले होते. पुढचे दोन दिवस मी घरात धुमसत होते, हेही लिहिते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की मी लगेच शहाणी झाले. यजमानांना मी म्हणाले की हे काम मी उभं केलं आणि मलाच मागे उभं केलं. ते म्हणाले, अगदी खरं आहे, पण जरा हळू बोल.

पुढच्या फेरीला मी मागे चालले. सेट उत्तम चालतो, कारखान्यांना नको असला तरी जंगलाला हाच घ्यावा, कुणी विचारलं तर मी अजूनही कारणं घडाघडा सांगते. पत्रकावरचं वाक्य काढून टाकलं. ऐनापाशी मावशी थांबली, बोलली, आणि ह्या खेपेलाही मी तिचं वाक्य शेवटपर्यंत ऐकलं. तिनं त्यात आणखी थोडं सांगितलं, तिच्या सगळ्यांत धाकट्या लेकराबद्दल, जे त्या पावसाळ्यात वाचलं.

माझ्या पुढे भूगावच्याच एका बंगल्यातले गृहस्थ होते. त्यांनी डोळे पुसले, मागे वळले आणि अगदी दबक्या आवाजात मला विचारलं, तुम्हीसुद्धा पहिल्यांदाच ऐकताय का.

मी हो म्हणाले.